खाद्यातील औषध व पाण्यातील औषध : कोंबडीपालकांनी ओळखावयाचा धोका

आमचा धंदा कापडाचा आहे. कापड विकणाऱ्याने कोंबड्यांच्या औषधांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेक व्यापाऱ्यांची थोडीबहुत रक्कम आज कुठल्या ना कुठल्या पोल्ट्री शेडमध्ये गुंतलेली आहे. कोणाचा भाऊ पक्षी वाढवतो, कोणाचा जावई चिकनचे दुकान चालवतो, तर कोणी नुसते भांडवल देऊन भागीदार झालेला असतो. आम्हीही असेच भागीदार होतो. त्या भागीदारीत जे नुकसान झाले ते रोगराईने झाले नाही, भाव पडल्यानेही झाले नाही. दोन चांगली औषधे एकत्र आल्याने झाले. ही गोष्ट आम्हाला आधी ठाऊक असती तर पैसाही वाचला असता आणि एका भल्या माणसाशी झालेले भांडणही टळले असते.

काय घडले

२०१६ सालच्या पावसाळ्यात आमच्या भाच्याने कळमेश्वर रस्त्याला ३,००० ब्रॉयलर पिल्लांची बॅच टाकली होती. मुद्दल आमचे व मेहनत त्याची. तीन आठवड्यांपर्यंत पक्षी उत्तम वाढले. चौथ्या आठवड्यात रात्री शेडमध्ये शिरले की घशातील खरखर ऐकू येऊ लागली. हा श्वसनाचा आजार, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात. भाच्याने औषधाच्या दुकानात विचारून टियाम्युलिन नावाचे औषध आणले व पाण्याच्या टाकीत टाकले. औषध अस्सल होते, आजारही तोच होता आणि मात्राही बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांनी खाद्य कमी केले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला, "मामू, पक्षी उठतच नाहीत." आम्ही दुकान मुलावर सोपवून गेलो. शेकडो पक्षी छातीवर बसलेले होते, काहींचे पाय मागे ताणलेले, पंख जमिनीला टेकलेले. डोळे उघडे, मान ताठ, परंतु उभे राहण्याची ताकद नाही. पाण्याचे निपल हातभर अंतरावर असूनही तेथवर जाता येत नव्हते. भाच्याला वाटले आजार वाढला, म्हणून त्याने औषध आणखी दोन दिवस चालू ठेवले. सुमारे ५०० पक्षी मेले. उरलेल्यांचे वजन असे मागे पडले की बाजारात जो भाव मिळाला त्यात खाद्याचा खर्चही निघाला नाही.

आम्ही व्यापारी माणूस. नुकसान झाले की प्रथम माल देणाऱ्याकडे पाहण्याची सवय. पिल्लेच रोगट दिली असे म्हणून आम्ही पिल्ले देणाऱ्याशी भांडलो व त्याची राहिलेली रक्कम अडवून ठेवली. पुढे एका जाणत्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी मेलेले पक्षी तपासले, खाद्याचे रिकामे पोते मागवले आणि पोत्यावरील बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवले. तेथे लिहिले होते, "सॅलिनोमायसिन". डॉक्टर म्हणाले, "तुमच्या पक्ष्यांना आजाराने मारले नाही. या पोत्याने आणि त्या बाटलीने मिळून मारले."

खाद्यात औषध असते कशासाठी?

कोंबडी ज्या तुसावर राहते त्यावरच तिची विष्ठा पडते. या ओलसर लिटरमध्ये कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी वाढतात. कोंबडीत त्यांच्या मुख्य सात जाती मानल्या जातात. ते आतड्याच्या पेशीत शिरून ती फोडतात. त्यातूनच रक्ती हगवण लागते, वाढ खुंटते व मर होते. हजारो पक्षी एका छताखाली ठेवावयाचे तर या रोगापासून सतत संरक्षण लागते. म्हणून खाद्य तयार करतानाच त्यात प्रतिबंधक औषध मिसळण्यात येते.

या औषधांपैकी मोठा वर्ग 'आयनोफोर' या नावाने ओळखला जातो. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नारासिन, मदुरामायसिन व लॅसालोसिड ही त्यातील प्रमुख नावे होत. मातीतील सूक्ष्मजीवांपासून ती तयार होतात. मोनेन्सिन १९७१ साली अमेरिकेत कोंबड्यांच्या खाद्यासाठी मंजूर झाले व त्यानंतर हा वर्ग जगभर पसरला. आयनोफोर परजीवीच्या पेशीच्या भिंतीतून सोडियमसारखे क्षार आत सोडते. क्षाराच्या मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगते व परजीवी मरतो.

तेच काम हे औषध कोंबडीच्या पेशीतही करू शकते. स्नायू व हृदय यांच्या पेशींना त्याचा सर्वात जास्त त्रास होतो. फरक फक्त मात्रेचा आहे. मोनेन्सिन टनामागे १०० ते १२५ ग्रॅम, सॅलिनोमायसिन सुमारे ६० ग्रॅम, तर मदुरामायसिन अवघे ५ ग्रॅम वापरतात. या मात्रेत परजीवी मरतो व कोंबडी सुखरूप राहते. मात्रा दुप्पट-तिप्पट झाली की कोंबडीलाच अपाय होऊ लागतो. गल्ल्यात नफ्याची कसर कमी असावी तशी येथे सुरक्षेची कसर कमी आहे.

मग मात्रा न वाढवता विष कसे झाले?

आमच्या पोत्यात सॅलिनोमायसिन योग्य प्रमाणात होते. तरी विषबाधा का झाली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

कोंबडी दिवसभर खाते, म्हणजे दिवसभर थोडे थोडे सॅलिनोमायसिन तिच्या अंगात जाते. यकृत, ज्याला आपण कलेजी म्हणतो, ते या औषधाचे तुकडे करून विष्ठेवाटे बाहेर टाकण्याची व्यवस्था करते. कलेजीत त्यासाठी विकरे असतात. गोदामात रोज गाठी येतात व हमाल रोज तितक्याच गाठी बाहेर काढतात, म्हणून गोदाम तुंबत नाही, असे समजा.

टियाम्युलिन कलेजीत गेले की नेमके याच विकरांना अडकवून ठेवते. म्हणजे हमाल कामावर नाहीत, पण गाठी मात्र रोज उतरत आहेत. दोन-तीन दिवसांत गोदाम भरते. खाद्यातील मात्रा तीच, परंतु रक्तातील व स्नायूंतील मात्रा वाढत जाते आणि पक्षी खाली बसतो. यात आजाराचा काही संबंध नाही.

हे काही कोंबडीपुरतेच खरे नाही. धंतोलीत पावलोपावली दवाखाने व औषधांची दुकाने आहेत, हे नागपूरच्या वाचकांना सांगावयास नको. आम्ही स्वतः कोलेस्टेरॉलची गोळी घेतो. मध्यंतरी छातीचा संसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी विचारले, "दुसरी कोणती गोळी चालू आहे?" नाव सांगताच त्यांनी लिहायला घेतलेले औषध बदलले. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या गोळीबरोबर घेतले तर कलेजीत असाच अडथळा होतो, गोळी रक्तात साचते व माणसाचे स्नायू झिजतात. माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारतात. ३,००० पक्ष्यांच्या वतीने तो प्रश्न कोणी विचारावयाचा? भाच्याने विचारला नाही, दुकानदाराने विचारला नाही आणि आम्ही तर हिशेबाच्या वहीपलीकडे पाहिले नाही.

टियाम्युलिन व आयनोफोर यांचे हे वैर पशुवैद्यकशास्त्राला नवे नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून ते ग्रंथांत नोंदलेले आहे. टियाम्युलिनच्या माहितीपत्रकातही सूचना असते की मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नारासिन असलेले खाद्य हे औषध सुरू करण्याच्या किमान ७ दिवस आधीपासून, औषध चालू असताना व नंतरही किमान ७ दिवस देऊ नये. लॅसालोसिडच्या बाबतीत हा धोका तसा नाही. तथापि कोणते चालेल, कोणते चालणार नाही, हा निर्णय डॉक्टरांचा आहे, दुकानदाराचा किंवा शेजारच्या शेडवाल्याचा नाही.

इतर जोड्या ज्यांपासून सावध राहावे

डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या आणखी काही जोड्या येथे देत आहोत. काही जोड्या विष तयार करतात, तर काही औषधाचा परिणामच नाहीसा करतात. पहिल्या प्रकारात पक्षी जातात, दुसऱ्यात पैसा व वेळ जातो आणि आजार तसाच राहतो.

१. आयनोफोर व सल्फा औषधे : रक्ती हगवण दिसली की सल्फा देण्याची रीत आहे. खाद्यात आधीच मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर काही सल्फा औषधांबरोबर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. एरिथ्रोमायसिनच्या बाबतीतही अशीच खबरदारी सांगितली जाते.

२. अॅम्प्रोलियम व जीवनसत्त्व ब-१ : अॅम्प्रोलियम हेही रक्ती हगवणीचे औषध. त्याची घडण ब-१ जीवनसत्त्वासारखी असल्याने परजीवी फसतो व खऱ्या जीवनसत्त्वाला मुकतो. त्याच दिवसांत 'ताकद यावी' म्हणून पाण्यातून भरपूर ब-१ दिले तर परजीवीलाही ते मिळते व औषध निकामी होते.

३. टेट्रासायक्लिन व चुना : ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे कॅल्शियमला चिकटतात व आतड्यातून रक्तात पुरेशी जात नाहीत. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असते. बोअरच्या जड पाण्यातही ते असते. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याच्या चोथ्या होतात, हे कापड धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तेथे साबण चुन्याला चिकटतो, येथे औषध चिकटते. एन्रोफ्लॉक्सासिनवरही जड पाण्याचा असाच परिणाम होतो.

४. एन्रोफ्लॉक्सासिन व आम्ल : पाणी शुद्ध राहावे म्हणून टाकीत अॅसिडिफायर टाकतात. त्याच टाकीत एन्रोफ्लॉक्सासिनचे द्रावण टाकले तर ते फुटून साका खाली बसू शकतो. मग पक्ष्याला औषध मिळत नाही व निपल मात्र तुंबतात. रंगाच्या हौदात चुकीचा मसाला पडला की रंग फाटतो, तसाच हा प्रकार.

५. टॉक्सिन बाइंडर व टायलोसिन : बुरशी लागलेल्या मक्यातील विष शोषण्यासाठी खाद्यात बेंटोनाइटसारखी माती घालतात. ती चांगले-वाईट ओळखत नाही. टायलोसिनसारखे औषधही ती धरून ठेवते व त्याचा गुण कमी होतो.

रोग व विषबाधा यांतील फरक

पक्षी पायातून गेले की मनात प्रथम मानमोडी किंवा मरेक्स येतो. शंका येणे रास्त आहे, परंतु काही खुणा पाहाव्यात. नवे औषध किंवा नवे खाद्य सुरू केल्यापासून दोन-तीन दिवसांतच त्रास सुरू झाला का? एकाच वेळी पुष्कळ पक्ष्यांनी खाणे सोडले का? जास्त खाणारे धडधाकट पक्षी आधी बसले का? असे असेल तर विषबाधेचा संशय धरावा. खात्री मात्र तपासणीनेच होते.

अशा वेळी प्रथम पाण्यातील औषध थांबवावे व संशयित खाद्य काढून आयनोफोर नसलेले खाद्य द्यावे. साधे स्वच्छ पाणी उथळ भांड्यांतून बसलेल्या पक्ष्यांच्या तोंडाशी ठेवावे, कारण बरेच पक्षी विषापेक्षा तहानेने मरतात. आयनोफोरवर उतारा म्हणावा असे औषध नाही. डॉक्टर जीवनसत्त्व ई व सेलेनियमचा आधार देतात, परंतु मुख्य इलाज म्हणजे लवकर थांबवणे. आम्ही दोन दिवस उशीर केला, त्यातच निम्म्याहून अधिक पक्षी गेले.

नुकतेच मेलेले दोन-चार पक्षी व खाद्याचा नमुना घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. नागपूर विभागातील लोकांची सोय तर घराशीच आहे. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. जाणत्याला विचारण्यात कमीपणा नाही.

घोडे ठेवणाऱ्यांसाठी खास सूचना

आपल्यात वरातीसाठी घोडे ठेवणारे लोकही आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की कोंबडीचे खाद्य घोड्याला कधीही देऊ नये. मोनेन्सिनची घातक मात्रा कोंबडीत किलो वजनामागे सुमारे २०० मिलिग्रॅम, तर घोड्यात अवघी २ ते ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला एक ग्रॅमही लागत नाही. खाद्यात टनामागे १०० ग्रॅम मोनेन्सिन असेल तर तितके सहा ते नऊ किलो खाद्यातच मिळते. २०१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घोड्यांच्या खाद्यात हे औषध चुकून मिसळले गेले व अनेक घोडे गमावले. उरलेले पोते वाया जाऊ नये म्हणून घोड्यापुढे टाकणे ही फार महाग काटकसर ठरेल.

धंदा करणाऱ्याने काय करावे?

करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे एकाच कंपनीकडून येतात, त्यामुळे पोत्यात काय आहे हे तिच्या सुपरवायझरला माहीत असावयास हवे. स्वतंत्र धंदा करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याची पिल्ले एकाकडून, खाद्य दुसऱ्याकडून व औषध तिसऱ्याकडून येते. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरीही शेड रिकामी होऊ शकते. तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात ती जागा म्हणजे आपली शेड, म्हणून ताळमेळही आपणच ठेवला पाहिजे. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

खाद्याच्या प्रत्येक खेपेबरोबर त्यात कोणते कॉक्सिडिया-प्रतिबंधक व कोणते प्रतिजैविक आहे हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे. पोत्यावरील चिठ्ठी फाडून वहीत चिकटवावी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी बारीक अक्षर आम्हाला सुखाने वाचता येत नाही. परंतु घरातील शाळकरी नात ते वाचते. वाचता येत नाही ही सबब आता चालणार नाही.

शेडमध्ये एक वही ठेवावी. तारीख, पक्ष्यांचे वय, खाद्याची खेप, पाण्यातील औषध व मर, असे रकाने पुरेत. डॉक्टरांशी फोनवर बोलतानाही ती वही उघडी असावी. कोणतेही औषध घेण्याआधी 'आमच्या खाद्यात अमुक आहे, हे चालेल का?' हा एक प्रश्न विचारावा.

खाद्य घरी मिसळत असाल तर प्रीमिक्स काट्यावर तोलावे, मुठीने नव्हे. १२ टक्के सॅलिनोमायसिनचे प्रीमिक्स टनाला ५०० ग्रॅम टाकले की ६० ग्रॅम औषध होते. दोघा माणसांनी चुकून दोनदा टाकले तर तेच १२० होते. आधी थोड्या मक्याच्या भरड्यात कालवून मग मोठ्या ढिगात मिसळावे, नाहीतर एका पोत्यात काहीच नाही व दुसऱ्यात दुप्पट असे होते.

शेवटी, अनावश्यक औषध टाळावे. वाढीसाठी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्याची पद्धत स्वीडनने १९८६ साली व संपूर्ण युरोपीय संघाने २००६ सालापासून बंद केली. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांतील व कोंबड्यांतील वापरावर बंदी घातली, कारण माणसाच्या गंभीर संसर्गात ते शेवटच्या आधाराचे औषध आहे. औषधे जितकी कमी, तितकी त्यांची आपसातील भांडणेही कमी. विक्रीपूर्वी औषध बंद ठेवावयाचे जे दिवस लेबलवर दिलेले असतात तेही पाळावेत. चिकन घेणारा गिऱ्हाईक आपल्यावर भरवसा ठेवून घेतो. तो विश्वास म्हणजे आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे.

राहता राहिली पिल्ले देणाऱ्याची गोष्ट. डॉक्टरांनी खरे कारण सांगितले त्याच संध्याकाळी आम्ही भाच्याला घेऊन त्याच्याकडे गेलो. अडवलेली रक्कम दिली व झाल्या बोलण्याची माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "माझेही दोन गिऱ्हाईक असेच भांडून गेले. त्यांनाही हे सांगा." त्या दोघांना आम्ही सांगितले. उरलेल्यांसाठी हा लेख.